आजारी माशांची टाकी वेगळी असू द्या

नांदेड-लातूरच्या बाजारात कोणी ग्राहकाच्या डोळ्यांना बरे वाटावे म्हणून गल्ल्याशेजारी फिश टँक ठेवतो, तर कोणी शोभेचे मासे विकूनच घर चालवतो. दोघांचेही नुकसान बहुधा एकाच चुकीने होते. एक मासा आजारी पडतो, औषध सगळ्या टाकीत ओतले जाते आणि पुढे निरोगी मासेही दगावतात. यावर सोपा उपाय म्हणजे एक छोटी, वेगळी टाकी.

टाकीच्या वाळूत आणि फिल्टरमध्ये उपयोगी जिवाणू राहतात. माशांच्या घाणीतून तयार होणारा विषारी अमोनिया ते कमी घातक करतात. अनेक औषधांनी हे जिवाणूच मरतात. शिवाय मोठ्या टाकीला औषधही जास्त लागते.

सामान: काचकाम करणाऱ्या कारागिराकडून १८ इंच लांब, १२ इंच रुंद व १२ इंच उंच टाकी करून घ्यावी. दहा इंच भरली की सुमारे ३५ लिटर पाणी मावते. जोडायला साधे सिलिकॉन वापरावे; न्हाणीघरासाठी मिळणारे बुरशीनाशक मिसळलेले नको. काच परवडत नसेल तर साबण न लागलेला प्लास्टिकचा टब चालतो. तळाला वाळू, शोभेचे दगड काही नको. घाण दिसली पाहिजे. लपायला मातीची कुंडी आडवी ठेवावी. हवेचा छोटा पंप आणि स्पंज फिल्टर पुरे. एक जादा स्पंज मोठ्या टाकीत नेहमी ठेवावा, म्हणजे गरजेच्या वेळी जिवाणूंसह तयार मिळतो. जाळी मात्र वेगळीच हवी.

पाणी: नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते उघड्या बादलीत २४ तास ठेवून, हवा देऊन वापरावे. बोअरचे पाणी जड असते, म्हणून मासा एकदम त्यात सोडू नये. पिशवीत थोडे थोडे नवे पाणी मिसळत जावे. रोज चौथा हिस्सा, म्हणजे नऊ लिटरच्या आसपास पाणी बदलावे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला लिटरची किंमत सांगायला नको. टाकी छोटी ठेवण्याचा हाही एक फायदा.

उपचार: अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर पाणी हळूहळू २८ ते ३० अंशांपर्यंत न्यावे. थंडीत हीटर लागेल. उन्हाळ्यात आपल्याकडे पाणी आपोआपच तापते, तेव्हा हवा वाढवावी. खडे मीठ लिटरला दोन ग्रॅम, म्हणजे ३५ लिटरला ७० ग्रॅम, विरघळवून दिवसभरात तीन हप्त्यांत घालावे. नऊ लिटर पाणी बदलले तर १८ ग्रॅम मीठ पुन्हा घालावे. बिनखवल्यांच्या माशांना मीठ सोसत नाही. ठिपके गेले म्हणून उपचार थांबवू नये. कीड माशावरून गळून तळाशी वाढते आणि पुन्हा मासा शोधते. म्हणून या रोगात मोठ्या टाकीचाही बंदोबस्त करावा लागतो. माणसांच्या कॅप्सूल अंदाजाने टाकू नयेत.

काम झाल्यावर टाकी, जाळी, स्पंज धुऊन कडक उन्हात वाळवावे. औषधाचे पाणी किंवा मेलेला मासा गोदावरीत वा नाल्यात टाकू नये, मासा पुरावा.

नवा माल: या टाकीचा खरा उपयोग रोग येण्याआधी आहे. शोभेच्या माशांचे मोठे बाजार कोलकाता, चेन्नई, मुंबईत आहेत. तिथून आपल्यापर्यंत येणारा मासा थकलेला असतो. त्याला दोन ते तीन आठवडे वेगळे ठेवूनच विक्रीच्या टाकीत सोडावे. आम्ही कापडवाले भिजलेला तागा कोरड्या थप्पीत ठेवत नाही. हेही तसेच आहे.

आजारी उंट निरोगी उंटांजवळ आणू नयेत, या अर्थाची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मालातला ऐब लपवून विकू नये, हेही आपल्याला शिकवले आहे. मासा दिसायला चांगला, पण औषधावर असेल तर ग्राहकाला तो देऊ नये. पोर दुसऱ्या दिवशी रडले की बाप पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. ३५ लिटरची टाकी माल वाचवते आणि त्याहून मोठी गोष्ट, शब्द वाचवते. बरकत त्यातच आहे.