क्षेत्रकार्यासाठी माफक किमतीच्या स्मार्टफोनची निवड: वऱ्हाडी बोलीच्या अभ्यासकांकरिता काही निकष

१. प्रश्नाचे स्वरूप

ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-पाहणीचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाडीचे नमुने दिलेले आहेत. त्यांवरून त्या काळची शब्दरूपे व प्रत्यय कळतात. परंतु बोलणाऱ्याचा स्वर, आघात आणि लय यांविषयी छापील पानाला फार थोडे सांगता येते. तो आवाज कायमचा गेला. आज अमरावती किंवा अकोल्याहून दर्यापूर, अकोट अथवा मेळघाटाकडे निघालेल्या विद्यार्थ्याच्या खिशातच ध्वनिमुद्रणाचे साधन असते. स्वतंत्र ध्वनिमुद्रक प्रत्येकास परवडणारा नाही. तेव्हा दहा-पंधरा हजार रुपयांच्या मर्यादेत कोणता फोन घ्यावा, नवा घ्यावा की वापरलेला, हा प्रश्न केवळ घरखर्चाचा राहत नाही. तो संशोधनपद्धतीचाही होतो. जात्यावरच्या ओव्या म्हणणारी वृद्धा पुढील वर्षी भेटेलच अशी शाश्वती नसते, आणि सदोष मुद्रण पुन्हा करण्याची संधी बहुधा मिळत नाही. प्रस्तुत लेखात या निवडीचे निकष मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

२. फोनने काय टिपावे

जाहिरातींत कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल आणि प्रोसेसरचा वेग ठळकपणे सांगितलेला असतो. मायक्रोफोनविषयी मात्र सहसा एक अक्षरही नसते. बोलीच्या अभ्यासकाला नेमकी त्याचीच गरज असते. वऱ्हाडीत ‘डोळा’चे ‘डोया’ व ‘शाळा’चे ‘शाया’ होते. ‘मले’, ‘तुले’ अशी रूपे येतात. ‘जाऊन राह्यला’ अशी क्रियापदरचना आढळते. ‘ळ’ आणि ‘य’ यांतील भेद मुख्यतः ३५०० हर्ट्झच्या खालील भागात स्पष्ट होतो व तो साधा फोनही टिपू शकतो. ‘चार’ या संख्येतील तालव्य ‘च’ आणि गुरांच्या ‘चारा’ या शब्दातील दंततालव्य ‘च’ यांची गोष्ट निराळी आहे. दंततालव्य ‘च’च्या घर्षणाची बरीचशी ऊर्जा ४००० हर्ट्झच्या वर असते. जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीवरून सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे; फोर-जीवरील संभाषणातही तो सामान्यतः ७००० हर्ट्झच्या आसपास थांबतो. यास्तव फोनवरून घेतलेली मुलाखत आशयाच्या दृष्टीने उपयुक्त असली, तरी सूक्ष्म ध्वनिविश्लेषणास तिचा आधार घेणे धोक्याचे ठरते.

प्रत्यक्ष भेटीतील मुद्रणासाठी सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट आणि असंपीडित ‘वेव्ह’ फाइल हे प्रमाण पुरेसे होय. या गतीने २२,०५० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी टिपता येतो. मानवी श्रवणाची वरची मर्यादा २०,००० हर्ट्झच्या आसपास मानली जाते. एका वाहिनीचे असे मुद्रण सेकंदाला ८८,२०० बाइट, म्हणजे तासाला सुमारे ३१८ मेगाबाइट जागा घेते. चाळीस तासांच्या क्षेत्रकार्यास तेरा गिगाबाइटपेक्षा किंचित कमी जागा लागेल. ६४ गिगाबाइटच्या फोनमध्ये खुद्द प्रणाली आणि इतर सामग्री बरीच जागा व्यापते हे ध्यानात घेता १२८ गिगाबाइटचा फोन, अथवा मेमरी कार्डाची स्वतंत्र सोय असलेला फोन, निवडणे शहाणपणाचे आहे. फाइल दुसऱ्याकडे पाठवायची झाल्यास ती व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. अन्यथा संपीडनात मूळ ध्वनी पालटतो.

आणखी एक अडचण अशी की, फोनची रचना पलीकडच्या माणसाला बोलणे समजावे या हेतूने केलेली असते. त्यामुळे पंख्याचा, वाऱ्याचा, मळणीयंत्राचा आवाज तो आपोआप दाबतो आणि हळू बोलणे आपोआप मोठे करतो. ऐकणाऱ्याला हे सोयीचे. परंतु याच प्रक्रियेत शब्दान्तीचा दुर्बल स्वर किंवा अनुनासिकताही पुसली जाण्याचा संभव असतो. २०१६ साली आलेल्या ॲन्ड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून मुद्रण-ॲपला प्रक्रिया न केलेला ध्वनी मागता येतो. तथापि प्रत्येक फोन तो देतोच असे नाही. म्हणून अखेरचा निर्णय परीक्षेवरच सोपवावा लागतो.

३. दुकानातील आणि विभागातील परीक्षा

दुकानात ‘चार, चारा, डोया, शाया, मले, तुले’ असे शब्द एक हात अंतरावरून बोलून दोन मिनिटे मुद्रण करावे व नंतर अर्धा मिनिट काहीही न बोलता ते चालू ठेवावे. इअरफोनने ऐकताना शांत भागात खरखर किती येते आणि शब्दांची अखेर कापली जाते काय, हे पाहावे. दुकानदार एक-दोन दिवसांत फोन परत घेण्यास राजी असेल, तर ती फाइल विभागातील संगणकावर ‘प्राट’मध्ये उघडावी. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पाउल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेली ही प्रणाली विनामूल्य आहे. तिच्यातील ध्वनिपट मुळात ५००० हर्ट्झपर्यंतच दिसतो; ती मर्यादा १५,००० पर्यंत वाढवावी. ७००० किंवा ८००० हर्ट्झच्या वर पट एकदम कोरा दिसू लागला, तर फोन किंवा ॲप वरचा भाग कापत आहे असे समजावे. प्रथम ॲप बदलून पाहावे. तरीही फरक न पडल्यास तो फोन या कामासाठी नाकारावा.

दुसरी परीक्षा सातत्याची. अल्प किमतीचे कित्येक फोन बॅटरी वाचविण्यासाठी पडदा बंद होताच मागील ॲप थांबवितात. एक तासाचे मुद्रण पडदा बंद ठेवून करून पाहिल्यावाचून फोनवर विसंबू नये. क्षेत्रकार्यात फ्लाइट मोड चालू ठेवावा, म्हणजे ऐन कथेच्या मध्यात फोन वाजणार नाही.

तिसरी गोष्ट कॉलर माइकची. बोलणारा आणि मायक्रोफोन यांतील अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. म्हणून महागडा फोन चार हात दूर ठेवण्यापेक्षा साधा फोन आणि काही शे रुपयांचा कॉलर माइक बोलणाऱ्याच्या छातीजवळ असणे पुष्कळदा अधिक हितावह ठरते. ३.५ मिलिमीटरचे छिद्र असलेल्या फोनला तीन काळ्या पट्ट्यांच्या प्लगचा माइक चालतो. ते नसल्यास टाइप-सी जोडणीचा माइक घ्यावा.

४. ऊन, वीज आणि नेटवर्क

अकोल्याचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांवर जातो. मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे तेथे जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. ॲपलसारखी कंपनी आपल्या फोनच्या वापरासाठी भोवतालचे तापमान ० ते ३५ अंश असावे असे सांगते, यावरून वऱ्हाडातील उन्हाळा या यंत्रांस किती जड जातो ते कळेल. लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्य उष्णतेने घटते. सबब वापरलेल्या फोनची बॅटरी त्याच्या वयावरून अपेक्षेपेक्षा अधिक झिजलेली आहे असेच गृहीत धरावे. कोरकूच्या अभ्यासासाठी धारणी-चिखलदऱ्याच्या दुर्गम भागात जाणाऱ्याने तर नेटवर्कवाचून चालणारे मुद्रण, नकाशे आणि शब्दसूची फोनमध्येच ठेवाव्यात. ज्या ॲपला मुद्रणासाठी इंटरनेट लागते, ते तेथे निरुपयोगी होय.

५. नवा की वापरलेला

बाजारात ‘रिफर्बिश्ड’, ‘ओपन बॉक्स’, ‘बिल-बॉक्ससह’ हे शब्द सर्रास वापरले जातात. पण त्यांचे अर्थ दुकानागणिक बदलतात. ‘रिफर्बिश्ड’ म्हणजे नेमके काय बदलले, हे लेखी विचारावे. ‘कॉम्बो’, म्हणजे काच व पडदा यांचा जोड, बदललेला असल्यास पडद्याच्या चारही कडांवर स्पर्श नीट लागतो काय ते तपासावे.

नव्या फोनची हमी आणि ताजी बॅटरी हे उघड लाभ. त्याहून महत्त्वाचे, पण डोळ्यांआड राहणारे परिमाण म्हणजे सुरक्षा-अद्यतने किती वर्षे मिळतील हे होय. सॅमसंगने २०२४ साली आपल्या ए-१६ फाइव्ह-जी या साधारण श्रेणीच्या फोनला सहा वर्षांचे आश्वासन दिले. याउलट स्वस्त फोनपैकी कित्येकांची मुदत दोन-तीन वर्षांतच संपते. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अद्यतने देण्याचे बंधन घातले आहे. तेव्हा तुलना केवळ किमतींची न करता, किमतीला उरलेल्या वर्षांनी भागून करावी. समजा, बारा हजारांच्या नव्या फोनला चार वर्षांची अद्यतने मिळणार आहेत. त्याचा वार्षिक भार तीन हजार पडतो. सात हजारांचा वापरलेला फोन दीड हजाराची नवी बॅटरी घालून दीड वर्षच सुरक्षित राहणार असेल, तर त्याचा भार साडेपाच हजारांहून अधिक होतो. मात्र त्याच किमतीच्या वापरलेल्या फोनची तीन वर्षे उरलेली असतील, तर तोच अधिक किफायतशीर ठरतो.

वापरलेला फोन घेताना चार गोष्टी अवश्य पाहाव्यात. पहिली, *#०६# हे दाबून दिसणारा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक बिलावरील क्रमांकाशी जुळतो काय. केवायएम ही तीन रोमन अक्षरे, मोकळी जागा आणि तो क्रमांक असा संदेश १४४२२ वर पाठविल्यास अथवा २०२३ साली सुरू झालेल्या ‘संचार साथी’ या शासकीय संकेतस्थळावर शोधल्यास फोन काळ्या यादीत आहे किंवा कसे ते कळते. दुसरी, आधीच्या मालकाने आपले गूगल खाते काढून फोन समक्ष कोरा करून द्यावा. नुसता कोरा केलेला फोन जुन्या खात्याचा संकेतशब्द मागत अडून बसतो. तिसरी, फोन हप्त्यांवर घेतलेला असल्यास कर्ज फिटल्याचा कागद. चौथी कसोटी भाषेची: फोनवर ‘वऱ्हाड’ हाच शब्द टंकून पाहावा. जुन्या प्रणालींत यातील ‘ऱ्ह’ मोडून पडतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. ते चौकोनासारखे दिसल्यास टिपणे घेताना पदोपदी अडथळा येईल.

६. विश्वासाची बाब

निवेदकाने दिलेला आवाज ही त्याची ओळख असते. फोन दुरुस्तीस देण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी मुद्रणे अन्यत्र हलवून फोन पूर्ण कोरा करावा. खाजगी खात्यावर आपोआप होणारी साठवण बंद ठेवावी. प्रत्येक मुद्रणाच्या दोन प्रती, एक विभागात व एक स्वतंत्र डिस्कवर, त्याच दिवशी कराव्यात. फाइलच्या नावात गाव, दिनांक आणि निवेदकाचा संकेतक्रमांक असावा. त्याचे नाव नसावे.

सारांश, निवडीचा क्रम मायक्रोफोन व फाइलचे स्वरूप, मग साठवण, बॅटरी, अद्यतनांची उरलेली वर्षे आणि मालकीची शुद्धता असा असावा. कॅमेरा अगदी शेवटी. एवढे पाळले तर वापरलेला फोन घेण्यात कमीपणा नाही आणि नव्या फोनसाठी कर्ज काढण्याचेही कारण नाही. वऱ्हाडीचा १९०५ मधील आवाज आज उपलब्ध नाही. आजचा आवाज पुढील पिढीला ऐकता येईल की नाही, हे पुष्कळ अंशी अशाच लहान तपासण्यांवर अवलंबून आहे.