खापरातील सूक्ष्मजीवाश्म सांगतात मातीचे मूळ

कोलकाता : येथून ईशान्येस सुमारे 35 किलोमीटर अंतरावर, उत्तर 24 परगणा जिल्ह्यात चंद्रकेतुगढ हे प्राचीन स्थळ आहे. येथे आढळणारी, आतील तळावर बारीक ठिपक्यांची वर्तुळे असलेली ‘चक्रांकित’ खापरे पुद्दुचेरीजवळील अरिकमेडू, श्रीलंकेतील अनुराधपुर आणि इंडोनेशियातील बाली बेटावरही सापडली आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही भांडी घडली कोठे, या प्रश्नाच्या उत्तरावर प्राचीन सागरी व्यापाराचे चित्र अवलंबून आहे.

सन 1945 मध्ये अरिकमेडू येथे उत्खनन करणारे मॉर्टिमर व्हीलर यांनी या नक्षीचे मूळ भूमध्य सागराच्या परिसरात शोधले. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातील डॉ. विश्वास गोगटे यांनी मात्र क्ष-किरण विवर्तनाने खापरांतील खनिजे तपासून, ही माती चंद्रकेतुगढ-तामलुक परिसरातील असल्याचा निष्कर्ष 1997 मध्ये मांडला. अरिकमेडू आणि अनुराधपुर येथील खापरांची माती एकाच भूशास्त्रीय उगमाची असल्याचे 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक अभ्यासातही दिसून आले.

तथापि, गंगेचा गाळ शेकडो किलोमीटर वाहत येतो. त्यामुळे दूरदूरच्या ठिकाणांची खनिजे सारखीच भासू शकतात. अशा वेळी सूक्ष्मजीवाश्म उपयोगी पडतात. डायटम हे पाण्यात वाढणारे एकपेशीय शैवाल असून त्याचे कवच सिलिकाचे असते. गोड्या, मचूळ आणि खाऱ्या पाण्यातील त्याच्या जाती वेगवेगळ्या असतात. कुंभाराने वापरलेला चिकणगाळ नदीकाठचा की भरतीचे पाणी पोहोचणाऱ्या खाडीचा, हे त्यावरून ओळखता येते. युरोपात ही पद्धत यापूर्वीच वापरली गेली आहे.

तपासणीसाठी खापराचा लहानसा तुकडा पुरतो. बाहेरचा थर खरवडून आतील भाग हलकेच कुटला जातो. आम्लाने चुना आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय अंश दूर केल्यावर उरलेला अवशेष काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यातील जातींची तुलना त्या परिसरातील गाळाशी केली जाते.

या साक्षीला मर्यादाही आहेत. भट्टीचे तापमान फार वाढले, तर सिलिकाची कवचे वितळून ओळखू येत नाहीत. फोरॅमिनिफेरा या सागरी जीवांची चुनखडीची कवचे त्याहून आधीच विघटित होतात आणि परागकण तर जळूनच जातात. खापर ज्या जमिनीत गाडले गेले, तेथील डायटमही त्याच्या सूक्ष्म छिद्रांत शिरू शकतात. माती मळताना वापरलेले पाणी किंवा मिसळलेला तूस यांतूनही बाहेरचे अवशेष येतात. म्हणून सूक्ष्मजीवाश्म, खनिजे आणि रासायनिक घटक या तिन्ही पुराव्यांचा मेळ बसणे आवश्यक ठरते.

त्याहून मूलभूत अट म्हणजे खापर नेमके कोणत्या थरातून निघाले, याची नोंद. चंद्रकेतुगढच्या मृण्मय मूर्ती देशोदेशींच्या संग्रहालयांत पोहोचल्या आहेत. त्यांपैकी अनेक मूर्ती शास्त्रीय उत्खननाविना बाहेर काढल्या गेल्या. चोरट्या खोदकामात मूर्ती उचलली जाते आणि बिनमोलाची समजली जाणारी खापरे विस्कटून टाकली जातात. एकदा थर हलला, की खापरातील डायटम मातीचा उगम सांगू शकतील. ते भांडे कोणत्या काळी वापरात होते, हे मात्र सांगू शकणार नाहीत.