लोकलच्या आधीचा पाऊण तास

नंदाखालच्या एका वाचकाने प्रश्न पाठवला आहे. नोकरी चर्चगेटला, त्यामुळे सहाच्या आत विरार स्टेशन गाठावं लागतं. तपासण्या सगळ्या नॉर्मल. डॉक्टरांनी आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) म्हणून सांगितलं आणि घाबरू नका म्हणाले. पण रोज सकाळी चहा घेतला की पोटात मुरडा येतो, घर सोडेपर्यंत तीनदा संडासला जावं लागतं आणि ऑफिसात पोचलं की पोट दिवसभर गप्प. रविवारी तर काहीच त्रास नाही. ते विचारतात, ‘सकाळशीच माझ्या पोटाचं काय वैर आहे?’

प्रश्नातच अर्धं उत्तर आहे: सकाळ आणि रविवार.

आपण झोपलो की मोठं आतडंही बहुतांशी स्वस्थ असतं. जाग आली की ते हलू लागतं. पण त्याची चाल संथ, एकसारखी नसते. वसई रोडला बाजूच्या रुळावर तासन्‌तास उभी असलेली मालगाडी सिग्नल मिळताच अख्खीच्या अख्खी पुढे सरकते, तसा आतड्यातला ऐवज एका दमात पुढे ढकलला जातो. अशा जोरकस लाटा दिवसातून मोजक्याच येतात, आणि त्यांची आवडती वेळ म्हणजे उठल्यानंतरची आणि जेवणानंतरची.

हे एक्स-रेच्या पडद्यावर पहिल्यांदा टिपलं ते व्हिएन्नाच्या गिडो होल्झक्नेश्ट यांनी, १९०९ साली. पण त्याची खरी उकल केली लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या आर्थर हर्ट्झ यांनी. १९१३ मध्ये न्यूटन या सहकाऱ्याबरोबर लिहिलेल्या निबंधात त्यांनी दाखवलं, की जठरात घास पडला की मोठं आतडं कामाला लागतं. या प्रतिक्षेपाला ‘गॅस्ट्रोकोलिक रिफ्लेक्स’ म्हणतात. ‘खाल्लं की लगेच बाहेर’ अशी तक्रार करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. बाहेर पडतं ते आदल्या दिवसाचं. आत्ताच्या घासाला तिथवर पोचायला कित्येक तास लागतात, पुढे जातो तो फक्त निरोप.

या हर्ट्झसाहेबांची गोष्ट इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. पहिल्या महायुद्धात जर्मन वळणाचं आडनाव नकोसं झालं, म्हणून १९१६ मध्ये ते ‘हर्स्ट’ झाले. आणि पोटाचा हा डॉक्टर तोफांच्या माऱ्यानं मन हादरलेल्या, हातपाय लुळे पडलेल्या सैनिकांवर उपचार करू लागला! त्या रुग्णांचं चित्रीकरणही त्यांनी करवून घेतलं. एका बैठकीत रुग्ण बरे केल्याचे त्यांचे दावे जरा जपूनच घ्यावेत. पण पोट आणि मन या दोन्हींशी आयुष्यभर झटलेला माणूस एकच होता, हे विसरता कामा नये. ब्रिटनमधल्या पोटविकारतज्ज्ञांची संघटना १९३७ मध्ये उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकारानं. आज ‘मेंदू आणि आतड्याचं नातं’ कालपरवा सापडल्यासारखं विकलं जातं, त्यात हर्स्ट यांचं नाव मात्र क्वचितच ऐकू येतं.

आता नंदाखालची सकाळ पाहू. जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढतं, ते बहुतेक सगळ्यांचंच. त्यात आतडं जागं होतं, वर चहा पडतो, आणि डोक्यात घोळत असतं, की गाडीत संडास नाही. १९०९ मध्येच ओखिल चंद्र सेन नावाच्या बंगाली प्रवाशानं फणस खाऊन पोट फुगल्याचं आणि त्यापायी गाडी चुकल्याचं गाऱ्हाणं रेल्वेला लिहिलं. त्यामुळेच डब्यांत शौचालयं आली असं म्हणतात. लोकलला ती अजून नाहीत, आणि विरार ते चर्चगेट अंतर ६० किलोमीटर. आयबीएसमध्ये आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असतात. इतरांना जाणवतही नाही ती लाट इथे मुरडा होते. रविवारी लाट तीच असते, पण गाडी पकडायची नसते.

म्हणून औषधाआधी वेळापत्रक सुधारावं. उठणं, खाणं, संडास आणि निघणं या चार गोष्टी वीस मिनिटांत कोंबू नका. पाऊण तास आधी उठा, आणि तेवढंच आधी झोपा. उठल्यावर थोडं काहीतरी बसून खा. तांदळाची रोटी पोटाला सहसा जड जात नाही. मग लाटेला तिचा वेळ द्या. रविवारीही उठायची वेळ फार बदलू नका. रात्री उशिरा तेलकट, भरपेट जेवण टाळा. आठवड्यातून तीन ते पाच दिवस भरभर चाला. स्वीडनमधल्या एका चाचणीत व्यायाम वाढवलेल्या रुग्णांचा त्रास १२ आठवड्यांत कमी झाला होता.

आता आपल्या लाडक्या समजुतींकडे वळू. गरम पाण्यानं पोट हलतं म्हणतात. १९९० च्या एका ब्रिटिश प्रयोगात कॉफीनं काहींचं आतडं चार मिनिटांत हललं, अगदी कॅफीन काढलेल्या कॉफीनंही. गरम पाण्यानं मात्र कुणाचंच हललं नाही. कोंडा सरसकट चांगला, हेही खरं नाही. नेदरलँड्समध्ये २७५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२००९) इसबगोलानं आराम पडला, गव्हाच्या कोंड्यानं तक्रार वाढून अनेकांनी चाचणीच सोडली. केळ्याचंही तसंच. ते जितकं पिकतं तितकं त्यातलं पोटात वायू करणारं फ्रुक्टान वाढतं, असं मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाच्या मोजणीत दिसलं. वसईची सुकेळी तर पिकलेली आणि वर वाळवलेली. ती खा, पण गाडीच्या आधी मूठभर नको.

सगळ्यात हट्टी समजूत म्हणजे रोज ठरल्या वेळी ‘पोट साफ’ व्हायलाच हवं. ब्रिस्टलच्या केन हीटन यांनी १९९२ मध्ये सुमारे १,९०० लोकांची पाहणी केली. चोवीस तासांचं नियमित चक्र पुरुषांत ४० टक्के आणि स्त्रियांत ३३ टक्के लोकांनाच होतं. म्हणजे ‘नियमित’ माणूस हाच अल्पसंख्य! ‘अजून राहिलंय’ ही भावना आयबीएसचा भाग आहे. तिच्यामागे लागून कुंथत बसण्यानं किंवा ‘साफ’ करणारी चूर्णं रोज घेण्यानं ती जात नाही.

शेवटी एक भेद पक्का लक्षात ठेवा. आयबीएस माणसाला सहसा झोपेतून उठवत नाही. पोटाच्या त्रासानं रात्री जाग येत असेल, शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल, रक्त कमी झालं असेल किंवा पन्नाशीच्या आसपास हे नव्यानं सुरू झालं असेल, तर वेळापत्रकाशी खेळत बसू नका. आधी डॉक्टर गाठा.