घट्ट सील म्हणजे चुकीचं सील नव्हे

नवं ऑइल सील भोकावर ठेवलं, अंगठ्याने दाबलं आणि ते तसूभरही आत गेलं नाही, की जुनी स्कूटर घरी उघडून बसलेल्या माणसाला दुकानदाराचा संशय येऊ लागतो. ‘साइज चुकीचा दिला.’ मग कोणी पॉलिश पेपरने कड घासतो, कोणी सरळ हातोडा घेतो. खरं तर सील घट्टच असायला हवं. त्याला ना बोल्ट ना स्क्रू. ते जागेवर राहतं ते फक्त घट्टपणाच्या जोरावर. म्हणून पत्र्याच्या सीलचा बाहेरचा व्यास भोकापेक्षा मुद्दाम एक-दोन दशांश मिलिमीटर मोठा ठेवतात, रबराचं आवरण असलेल्याचा आणखी थोडा जास्त. कड घासली की तेल सीलच्या बाहेरून झिरपायला वाट मिळते. शंकाच असेल तर सीलवरचे तीन आकडे वाचावेत. 30×47×7 म्हणजे आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. ते जुन्या सीलशी जुळले तर साइज बरोबर आहे.

घट्टपणा हवा तो बाहेरच्या बाजूला. आतली ओठासारखी कड शाफ्टवर हलकेच टेकलेली असायला हवी. गळती थांबावी म्हणून या कडेमागच्या बारीक स्प्रिंगचा तुकडा कापून ती आखूड करणारे कारागीर आहेत. त्याने दोन दिवस बरं वाटतं. पण चांगल्या सीलमध्ये कड आणि शाफ्ट यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो, त्यावरच कड फिरते. दाब वाढवला की तो थर जातो, रबर तापून कडक होतं आणि शाफ्टवर खाच पडते.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज मात्र धुराचा आहे. 1972 साली बाजारात आलेली बजाज चेतक घ्या. इंजिन व्हेस्पाच्या वळणाचं, टू-स्ट्रोक, सुमारे 145 सीसीचं. ती पांढरा दाट धूर सोडू लागली, की ‘रिंगा गेल्या, बोअर करा’ असा निकाल लागतो. हे फोर-स्ट्रोकचं ज्ञान आहे. तिथे पिस्टनखाली तेलाचा साठा असतो, रिंगा झिजल्या की ते वर चढतं. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखाली तेलाचा साठाच नसतो. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टूटी ऑइल तेवढं असतं. मग जादा तेल येतं कुठून? शेजारच्या गिअरबॉक्समधून. क्रँकच्या क्लचकडच्या बाजूचं सील या दोन खोल्यांमधली भिंत आहे. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये ओढ तयार होते, सील फाटलेलं असेल तर गिअर ऑइल आत खेचलं जातं आणि जळतं. पिस्टन खाली येताना उलटं होतं, पेट्रोलचं मिश्रण गिअर ऑइलमध्ये घुसतं. म्हणून बोअर करायला टाकण्याआधी गिअर ऑइलची पातळी बघावी आणि थेंबभर बोटावर घेऊन हुंगावं. बाहेर कुठे गळती नसताना तेल कमी झालेलं असेल किंवा त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर रिंगांना दोष देण्यात अर्थ नाही.

क्रँकच्या दुसऱ्या टोकाचं, म्हणजे मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर धूर नसतो, आणि म्हणूनच ते जास्त फसवतं. तिथून हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं. गाडी आपोआप रेस होते, थ्रॉटल सोडला तरी खाली येत नाही, प्लग पांढुरका दिसतो. लोक कार्ब्युरेटर पुन्हा पुन्हा उघडतात आणि शेवटी पिस्टन जाम होतो. या सीलसाठी बऱ्याच मॉडेलमध्ये मॅग्नेट आणि आतली प्लेट काढली की काम होतं. क्लचकडच्या सीलसाठी मात्र इंजिनाचे दोन्ही भाग वेगळे करावे लागतात. एवढं खोललंच आहे तर दोन्ही सील बदलावीत, चार पैसे वाचवू नयेत.

आता बसवण्याकडे. ‘सील फ्रीजरमध्ये ठेवा’ हा सल्ला अगदीच खोटा नाही, पण त्याचा उपयोग थोडा. पत्रा फार आकसत नाही, रबर मात्र ताठर होतं, आणि हातात घेऊन भोकापर्यंत नेईतो सील पुन्हा गरम होऊ लागतं. तापवायचं ते केसिंग. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. 60 मिलिमीटरचं भोक 80 अंशांनी जास्त तापवलं तर 0.11 मिलिमीटरने मोठं होतं, म्हणजे अडचणीचा मोठा भाग तिथेच सुटतो. हीट गनने, सगळीकडून सारखं, हात लावला तर चटकन मागे घ्यावा लागेल इतपत. साधं नायट्राइल रबर 100 अंशांच्या आसपास थकू लागतं, त्यामुळे ज्योत नको.

मग सील सरळ ठेवावं, त्याच्या बाहेरच्या कडेएवढ्या रुंदीचा सॉकेट किंवा जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग त्यावर धरावी आणि सारखा दाब द्यावा. हातोड्याने पाप होत नाही. एका कडेवर स्क्रूड्रायव्हर टेकवून ठोकण्याने होतं. एक बाजू आधी आत गेली की पत्रा वाकतो, आणि वाकलेलं सील पुन्हा सरळ होत नाही. ‘पार तळाला जाईपर्यंत ठोका’ हेही सरसकट खरं नाही. काही इंजिनांत सीलमागे बेअरिंगला तेल पोचवणारं छिद्र असतं आणि ते बुजलं की पुढची पाळी बेअरिंगची. जुनं सील काढण्याआधी ते किती आत होतं आणि स्प्रिंगची बाजू कुठे होती, याचा फोटो काढून ठेवावा.

कोरडं बसवणं वाईट, शेलॅक थापणं त्याहून वाईट. आतल्या कडेला तेल लावावंच. पत्र्याच्या सीलला बाहेरून सीलंटचा पुसट हात चालतो, रबरी आवरणाच्या सीलला त्याची गरज नसते. शाफ्टवर चावीची खाच किंवा दाते असतील तर सील सरकवताना त्यावर पातळ टेप गुंडाळावी, नाहीतर कोरी कड पहिल्याच मिनिटाला चिरते.

तपकिरी सील म्हणजे व्हायटन, हा बाजारातला आणखी एक समज. रंग कुठलाही देता येतो. सीलवर एफकेएम (म्हणजे व्हायटन) लिहिलंय की एनबीआर (म्हणजे साधं नायट्राइल), ते बघावं. आणि तीस वर्षं फडताळात पडलेला ‘ओरिजिनल’ माल कितीही हौसेने मिळवला तरी त्यातलं रबर तीस वर्षांचंच असतं.

इंजिन फ्रेममध्ये चढवण्याआधी इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं बंद करून, हातपंपाने पाच-सहा पीएसआय हवा भरावी, त्याहून जास्त नको. काटा काही मिनिटं जागचा हलला नाही तर सील धरलं. हलला तर बाहेरच्या बाजूंना साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते बघावं. बाहेर कुठेच आले नाहीत, तर गिअर ऑइल भरायच्या भोकाला कान लावावा, कारण क्लचकडच्या सीलमधून सुटलेली हवा तिथूनच बाहेर पडते.