खुराड्याचा उंबरठा सांभाळा!

तालुक्याच्या गावी किंवा शहराच्या कडेला राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळजणींच्या परसात आठ-दहा कोंबड्या असतात. घरच्यांना ताजी अंडी मिळतात, उरलेली शेजारीपाजारी जातात आणि चार पैसे आपल्या हाती राहतात. पैसे थोडे, पण त्यांचा हिशेब कोणी मागत नाही! मुलीची वही, रिक्षाचं भाडं, माहेरी जाताना भाचरांसाठी खाऊ, सारं त्यातून निघतं. आणि मग एखाद्या दिवशी सकाळी खुराडं उघडावं तर दोन कोंबड्या आडव्या, संध्याकाळपर्यंत आणखी तीन, आणि आठवड्याच्या आत खुराडं रिकामं! "मर आली" एवढंच म्हणून आपण गप्प बसतो. जणू काही वळवाच्या पावसासारखी ती आभाळातून आली.

भगिनींनो, मर आभाळातून येत नाही. ती चपलेला चिकटून येते, टोपलीत बसून येते, पाण्यातून येते. ज्या वाटेनं ती येते, ती वाट पुष्कळशी बंद करता येते. याला शास्त्रात 'जैवसुरक्षा' म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थ आपल्या ओळखीचा. घरात बाळंतीण असली की बाहेरून आलेल्या माणसाला हातपाय धुतल्याशिवाय आपण तिच्या खोलीत जाऊ देत नाही ना? तीच रीत खुराड्याला लावायची.

रोग येतो कुठून?

पहिली वाट म्हणजे नवी कोंबडी. आठवड्याच्या बाजारातून आणलेली कोंबडी वरून कितीही तुकतुकीत दिसली, तरी रोग तिच्या अंगात मुरत असू शकतो. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, अंगात शिरल्यापासून दिसू लागेपर्यंत साधारण दोन ते पंधरा दिवस जातात. म्हणून नवी कोंबडी निदान तीन आठवडे वेगळी, घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवा. दाणापाणी आधी आपल्या जुन्या कोंबड्यांना, मग नवीला. उलट क्रम नको.

दुसरी वाट म्हणजे माणसांची ये-जा. कोंबड्या विकत घेणारा फेरीवाला चार घरं फिरून आलेला असतो. त्याला खुराड्यापाशी नेऊ नका, कोंबडी अंगणाच्या फाटकाशी आणून द्या. शेजारणीकडून मागून आणलेलं डालगं, अंड्यांचे ट्रे, पिंजरा हे सगळं धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं घासून, कडक उन्हात वाळवल्याशिवाय वापरू नका. आणि खुराड्यात जायची चपलेची जोडी वेगळी ठेवा. जुनी रबरी चप्पलही चालेल, मात्र ती घालून बाजारात जायचं नाही.

तिसरी वाट आपल्याच स्वयंपाकघरातून जाते, आणि ती कुणाच्या लक्षातही येत नाही. रविवारी बाजारातून चिकन आणतो, ते धुतलेलं पाणी परसात ओततो, पिसं-आतडी कोपऱ्यात टाकतो, आणि कोंबड्या त्यावर तुटून पडतात. ती कोंबडी रोगट असली तर तिचा रोग आपण हातानं वाढून दिला की! हे पाणी मोरीत सोडा, आतडी-पिसं खोल पुरा.

चौथी वाट कावळे, चिमण्या, कबुतरं आणि उंदीर-घुशींची. पाण्याचं भांडं विटेवर उंच, छपराखाली ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ घासून ताजं पाणी भरा. सांडलेले दाणे रात्री तसेच ठेवू नका.

कोरडं अंथरूण

खुराड्याच्या जमिनीवर भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा दोन-तीन इंच पसरा आणि रोज वर-खाली करा. ओला झालेला भाग लगेच काढून टाका. यामागचं कारण ऐकण्यासारखं आहे. पिल्लांना होणारी रक्ती हगवण एका सूक्ष्म परजीवीमुळे होते. त्याची अंडी शिटेतून बाहेर पडतात, पण ओल आणि ऊब मिळाली तरच एक-दोन दिवसांत ती रोग करण्याइतकी तयार होतात. अंथरूण कोरडं असेल तर थोडीच तयार होतात, आणि तेवढ्यांशी झुंजत पिल्लांच्या अंगी आपोआप प्रतिकारशक्ती येते. अंथरूण ओलं असलं की तीच अंडी हजारोंनी पोटात जातात आणि पिल्लं दगावतात. रोग तोच, जीवही तोच, फरक पडतो तो ओलीनं. म्हणून पावसाळ्यात डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा.

दाटीही नको. आत प्रत्येक कोंबडीला निदान दोन चौरस फूट जागा हवी, आणि वारा खेळता हवा. खुराड्यात डोकावल्याबरोबर नाकाला झोंबणारा वास आला, तर कोंबड्यांचाही घसा चुरचुरतो आहे, असं समजा.

अंगची ताकद

"गावठी कोंबडीला काही होत नाही" असं आपण नेहमी ऐकतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. गावठी कोंबडी ऊन सोसते, उकिरड्यावर स्वतःचं पोट भरते, खुडूक बसून पिल्लं काढते. मानमोडीपुढे मात्र तिचंही चालत नाही. परसातल्या कोंबड्यांचे मोठाले बळी हाच रोग घेतो.

मग अंगची ताकद वाढवायची कशी? नुसत्या ज्वारी-तांदळाच्या कण्यांवर ती येत नाही. जोडीला शेंगदाण्याची पेंड, मेथी-कोथिंबिरीची देठं, शेवग्याचा किंवा लसूणघासाचा पाला आणि अंड्यांच्या कवचासाठी शिंपल्यांचा चुरा द्या. हिरव्या पाल्यातून 'अ' जीवनसत्त्व मिळतं. ते कमी पडलं की नाका-घशाचं आतलं अस्तर कमजोर होतं आणि रोगाला दार उघडं मिळतं. बुरशी आलेली पेंड, मका किंवा शेंगदाणे मात्र "टाकून कशाला द्यायचे" म्हणून कोंबड्यांपुढे टाकू नका. त्या बुरशीचं विष यकृत बिघडवतं आणि प्रतिकारशक्ती खचवतं. कोपऱ्यात राख-मातीचा खड्डा करून द्या. त्यात लोळून कोंबड्या अंगावरच्या उवा कमी करतात.

उबवायला अंडी ठेवताना धट्ट्याकट्ट्या, कधी आजारी न पडलेल्या कोंबडीचीच निवडा. पिल्लांची पांढरी हगवण आईकडून अंड्यातूनही येते. आणि आईला वेळेवर लस दिलेली असेल, तर तिचं संरक्षण अंड्यातल्या बलकातून पिल्लांना पहिले दोन-तीन आठवडे पुरतं. आईचा आशीर्वाद म्हणतात तो हाच!

लसीला पर्याय नाही

हळद, लसूण घाला हवं तर, पण ती लस नव्हे. मानमोडीवर औषध नाही. मान पिळवटणं, तोंड उघडून श्वास घेणं, हिरवट-पांढरी हगवण, पाय-पंख लुळे पडणं ही लक्षणं दिसली की वेळ गेलेली असते. आताच्या उत्तराखंडातल्या राणीखेत या थंड हवेच्या ठिकाणी १९२०च्या दशकात हा रोग आढळला, म्हणून त्याला आपल्याकडे ते नाव पडलं.

पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की 'लासोटा' किंवा 'एफ-१' लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. चौथ्या आठवड्याच्या सुमारास लासोटा पुन्हा. आठव्या आठवड्यात 'आर-टू-बी' लस पंखाखाली टोचायची. ही कडक लस आहे, लहान पिल्लांना देऊ नये. गंबोरो आणि देवीच्या लसींचं वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. लस बर्फ घातलेल्या थर्मासातूनच आणायची, कालवल्यावर दोन तासांत संपवायची, आणि फक्त निरोगी कोंबड्यांना द्यायची.

इथे अडचण अशी की एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांची लस असते. आठ कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? म्हणून गल्लीतल्या दहाजणींनी एकत्र या, वर्गणी काढा, एक दिवस ठरवा. भिशी जमवतो, मग हे का जमू नये? शिवाय कोंबड्यांना कुंपण कळत नाही. शेजारच्या परसात मर लागली तर आपलं खुराडं धोक्यात आलंच.

तरीही मर लागली तर?

आजारी कोंबडी लगेच वेगळी करा. आणि मैत्रिणींनो, एक गोष्ट हात जोडून सांगते. मर दिसली की "मरण्याआधी चार पैसे तरी येतील" म्हणून उरलेल्या कोंबड्या घाईघाईनं बाजारात नेण्याची चाल आहे. तसं करू नका. आपले पाचशे रुपये वाचवताना आपण दुसऱ्या दहा घरांत मर पोचवतो, आणि तिथेही कुणीतरी आपल्यासारखीच वहीचे पैसे त्याच अंड्यांतून काढत असते. मेलेली कोंबडी नाल्यात किंवा कचराकुंडीत न टाकता खोल खड्ड्यात, वर चुना टाकून पुरा. उघड्या हातानं धरू नका, नंतर हात साबणानं धुवा, मुलांना तिकडे फिरकू देऊ नका.

एकाएकी पुष्कळ कोंबड्या मेल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा. २००६ साली फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू उघडकीस आला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ साली तो परभणीजवळच्या मुरुंब्याला आला, नवापूरला पुन्हा आला. अशा वेळी सरकार भरपाई देतं ती त्यांनी मारलेल्या कोंबड्यांची. लपवून ठेवून मेलेल्यांची नव्हे. लपवण्यात लाभ नाहीच, उलट हा रोग माणसालाही होऊ शकतो. अंडी आणि चिकन नीट शिजवून खाल्लं तर मात्र भीतीचं कारण नाही.

वेगळी चप्पल, कोरडं तूस, ताजं पाणी, तीन आठवड्यांचा दुरावा आणि वेळेवर लस. यातलं काहीच महाग नाही. येत्या हळदीकुंकवाला किंवा भिशीला जमाल, तेव्हा लसीचा दिवस तेवढा ठरवून टाका.