परीक्षेचे नियम आणि वैद्याचा दाखला

फेब्रुवारीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत आपल्या दवाखान्यांत एक ठरावीक वर्दळ असते. दहावी-बारावीच्या परीक्षा, मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा, मे महिन्यातील 'नीट' आणि त्यानंतर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची उन्हाळी सत्राची परीक्षा, असा हा क्रम आहे. या काळात ताप, जुलाब, निद्रानाश यांच्या जोडीने आणखी एक मागणी घेऊन पालक येतात. आमच्या तोंडवली-तळाशील भागात ती अशी कानी पडते : "डॉक्टरांनू, पोराक एक सर्टिफिकेट व्हया." हा दाखला कुठे सादर होणार, त्याने काय साध्य होणार आणि परीक्षेच्या नियमांत त्याला स्थान आहे का, हे मागणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते, आणि देणाऱ्यालाही पुष्कळदा नसते. प्रस्तुत लेखात विद्यापीठीय व तत्सम परीक्षांच्या नियमांचा विचार या एका बाजूने, म्हणजे वैद्य आणि औषधविक्रेता यांच्या बाजूने केला आहे.

प्रथम अधिकाराचा प्रश्न. नोंदणीकृत आयुर्वेद चिकित्सकाला वैद्यकीय अथवा स्वास्थ्याचा दाखला देण्याचा अधिकार १९७० च्या भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषद अधिनियमाच्या कलम १७ ने स्पष्टपणे दिला होता. तो अधिनियम जाऊन २०२० चा राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोग अधिनियम आला, तरी नोंदणीकृत चिकित्सकाचा हा अधिकार कायम आहे. तेव्हा 'आयुर्वेदिक डॉक्टरांचा दाखला चालत नाही' हे एखाद्या कारकुनाचे सरसकट विधान खरे नव्हे. मात्र 'आमचा दाखला सर्वत्र चाललाच पाहिजे' हा आपल्यातील काहींचा आग्रहही तितकाच चुकीचा आहे. दाखला देण्याचा अधिकार एक, आणि त्या दाखल्यावरून सवलत देण्याचा अधिकार दुसरा. हा दुसरा अधिकार विद्यापीठाचा किंवा परीक्षा मंडळाचा असून कोणत्या कामासाठी कोणाची सही लागेल हे त्यांचे नियम ठरवतात.

याचे सर्वांत ठळक उदाहरण लेखनिकाचे आहे. परीक्षेच्या आठ दिवस आधी मुलगा दुचाकीवरून पडतो, उजव्या मनगटाचा अस्थिभंग होतो, पालक आपल्याकडे येतात. आपण बंधन करतो, पथ्य सांगतो आणि पालकांच्या विनंतीवरून 'लेखनिक मिळावा' असा दाखलाही लिहून देतो. हा कागद परीक्षा केंद्रावर बहुतेक वेळा परत केला जातो. केंद्र शासनाच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने २९ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दृष्टिहीन, दोन्ही हात बाधित असलेले आणि मेंदूच्या पक्षाघाताचे परीक्षार्थी यांना मागणी केल्यास लेखनिक द्यायचा असतो. इतर दिव्यांग परीक्षार्थींना मात्र शासकीय आरोग्य संस्थेच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचे, जिल्हा शल्यचिकित्सकाचे किंवा वैद्यकीय अधीक्षकाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. तात्पुरत्या दुखापतीसाठीही परीक्षा मंडळे सर्वसाधारणपणे शासकीय अधिकाऱ्याचीच सही मागतात. आपल्या जिल्ह्यात याचा अर्थ ओरोसचे जिल्हा रुग्णालय. तेव्हा अशा प्रसंगी वैद्याने पहिल्याच दिवशी पालकांना ओरोसला पाठवावे आणि सोबत आपली चिकित्सेची चिठ्ठी व क्ष-किरण चित्र द्यावे. दाखला लिहून देऊन त्यांना आठ दिवस निश्चिंत ठेवणे म्हणजे त्यांचे नुकसान करणे होय. आचरा, तोंडवलीकडून ओरोसला जाऊन-येऊन पालकांचा एक दिवस मोडतो. तो परीक्षेच्या आदल्या दिवशी मोडू नये.

याच सूचनांत दर तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ देण्याची तरतूद आहे. तीन तासांच्या पेपरला हा पूर्ण एक तास होतो. पालकांना लेखनिकाची माहिती असते, या वेळेची क्वचितच असते.

दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर काहीच मिळत नाही, असा समज अजूनही आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात तो मोडीत काढला. तेथील परीक्षार्थीला लिहिताना हाताचे आकुंचन होण्याचा विकार होता. ४० टक्क्यांची अट पूर्ण होत नाही म्हणून त्याला लेखनिक नाकारला गेला होता. लिहिण्यात खरी अडचण असेल तर टक्केवारी आड येऊ शकत नाही, असा न्यायालयाचा निर्णय झाला आणि त्यानुसार १० ऑगस्ट २०२२ रोजी स्वतंत्र सूचना निघाल्या. हे प्रमाणपत्र देखील शासकीय संस्थेतील तज्ज्ञांच्या मंडळाकडून घ्यावे लागते. लिहिताना बोटे आखडणारा, कंप असणारा किंवा अक्षरांचा क्रम सतत चुकणारा विद्यार्थी प्रथम आपल्याकडेच येतो आणि पुष्कळदा 'आळशी' म्हणून घरी बोलणी खात असतो. त्याला वातव्याधीची चिकित्सा जरूर द्यावी, परंतु ही वाटही दाखवावी. नंतरच्या वर्षांत या सूचनांत, विशेषतः स्वतःचा लेखनिक आणण्यासंबंधी, फेरफार होत आले आहेत. म्हणून त्या त्या वर्षीची परीक्षेची माहितीपुस्तिका प्रत्यक्ष वाचूनच सल्ला द्यावा.

आता उपस्थितीकडे वळू. आयुर्वेद महाविद्यालयांना लागू असलेल्या २०२२ च्या नियमावलीनुसार बी.ए.एम.एस. अभ्यासक्रमाचे प्रत्येकी अठरा महिन्यांचे तीन व्यावसायिक टप्पे आहेत. विद्यापीठाच्या परीक्षेस बसण्यासाठी प्रत्येक विषयात किमान ७५ टक्के उपस्थिती आवश्यक आहे. उत्तीर्ण होण्यासाठी लेखी व प्रात्यक्षिक या दोहोंत स्वतंत्रपणे ५० टक्के गुण लागतात. सावंतवाडीच्या आयुर्वेद महाविद्यालयातील विद्यार्थी असो वा पुण्या-मुंबईचा, नियम एकच. उपस्थिती ६० टक्क्यांवर आली की विद्यार्थ्याला गावचे वैद्य आठवतात आणि 'विषमज्वरामुळे दीड महिना विश्रांती' असा मागील तारखेचा दाखला मागितला जातो. मागणारा उद्याचा वैद्य असतो, ही गोष्ट अधिकच खेदाची. दाखल्याने अनुपस्थितीची उपस्थिती होत नाही. अनुपस्थितीचे कारण कळते, एवढेच. तूट माफ करायची की नाही, हे महाविद्यालय व विद्यापीठ आपापल्या नियमांनुसार ठरवतात आणि अलीकडे ते अशा कागदांकडे संशयानेच पाहतात. खोट्या कागदांची रास वाढली की खरोखर कावीळ झालेल्या विद्यार्थ्याचा दाखलाही त्याच राशीत जाऊन पडतो.

प्रत्यक्ष परीक्षेच्या दिवशी आजारी पडलेल्याचे काय? येथे परीक्षापरत्वे फरक आहे. आयुर्वेद शिक्षणाच्या जुन्या केंद्रीय नियमांत, २०१२ च्या दुरुस्तीनुसार, सबळ कारणाने नियमित परीक्षेस बसू न शकलेल्या विद्यार्थ्याने पुरवणी परीक्षा नियमित विद्यार्थी म्हणून द्यावी आणि त्याची अनुपस्थिती 'प्रयत्न' म्हणून मोजू नये, अशी तरतूद होती. अशी तरतूद लागू असते तेथे वैद्याच्या दाखल्याला खरे मोल असते, कारण 'सबळ कारण' त्यावरूनच ठरते. 'नीट'सारख्या प्रवेशपरीक्षेत मात्र आजारपणासाठी फेरपरीक्षा नसते. २०२४ साली १,५६३ परीक्षार्थींना २३ जून रोजी पुन्हा परीक्षेची संधी मिळाली ती केंद्रांवर त्यांचा वेळ वाया गेला होता म्हणून. आजारपणाशी तिचा संबंध नव्हता. 'दाखला दिला की पुन्हा परीक्षा घेतात' असे सांगत जे पालक येतात, त्यांच्या बोलण्याचा उगम बहुधा या बातम्यांत असतो. परीक्षागृहातच भोवळ आली, उलटी झाली, तर त्याची नोंद पर्यवेक्षकाकडून आणि केंद्रप्रमुखाकडून त्याच वेळी लेखी करून घ्यावी. संध्याकाळी आपण दिलेला दाखला त्या नोंदीला पूरक ठरतो. नोंदच नसेल तर दाखला एकटा पडतो.

दाखला कसा लिहावा याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. आधुनिक वैद्यकाच्या २००२ च्या आचारसंहितेत प्रमाणपत्रांची स्वतंत्र नोंदवही, रुग्णाची सही किंवा अंगठा, पत्ता, किमान एक ओळखखूण आणि दाखल्याची प्रत ठेवणे बंधनकारक केले आहे. ही शिस्त आपणही पाळावी. दाखल्यावर तपासणीची तारीख व वेळ, आपला नोंदणी क्रमांक आणि शिक्का असावा. निदान केवळ 'कामला' किंवा 'प्रवाहिका' असे न लिहिता पुढे 'कावीळ', 'आवेसह जुलाब' असे साध्या शब्दांत द्यावे, कारण तो वाचणारा अधिकारी संहिता शिकलेला नसतो. रुग्ण बरा झाल्यावर आला असेल तर जे पाहिले तेवढेच लिहावे : 'आज अमुक तारखेस तपासले. रुग्णाच्या सांगण्यानुसार गेले आठ दिवस ज्वर होता. आज अशक्तपणा आढळतो.' हे वाक्य खरे आहे आणि चौकशीत टिकते. 'गेले आठ दिवस माझ्या चिकित्सेखाली होता' हे वाक्य खरे नसेल तर नोंदवहीच आपल्याविरुद्ध साक्ष देईल. कायद्याने आवश्यक असलेला किंवा पुरावा म्हणून ग्राह्य असलेला दाखला महत्त्वाच्या मुद्द्यावर खोटा आहे हे जाणून देणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम १९७ खाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तोच कलम २३४ मध्ये आहे आणि त्याला शिक्षा खोट्या साक्षीइतकीच आहे. ओळखीपाळखीच्या गावात नकार देणे अवघड जाते हे खरे. परंतु वरील खरे वाक्य लिहून देण्याची तयारी दाखवली की मागणारे निम्मे लोक स्वतःच विषय सोडतात, असा माझा अनुभव आहे.

आता औषधांविषयी. विद्यापीठाच्या नियमांत एक तत्त्व असे की, परीक्षागृहात अनधिकृत लेखन जवळ सापडणे हाच गैरप्रकार ठरतो. ते वापरले की नाही, हा पुढचा प्रश्न. आणि आपली चूर्णाची पुडी म्हणजे काय? चिन्हांकित, वैद्याच्या न वाचता येणाऱ्या अक्षरातील एक कागद! आत पिवळसर भुकटी, बाहेर 'स. १, सं. १, कोष्ण जल'. भरारी पथकातील एखाद्या कडक प्राध्यापकाने तो कागद जप्त केला तर त्याला दोष देता येणार नाही. अशा वेळी सर्वसाधारणपणे कागद ताब्यात घेऊन विद्यार्थ्याचा लेखी जबाब घेतला जातो आणि अहवाल विद्यापीठाच्या चौकशी समितीकडे जातो. पुढे निर्दोष ठरला तरी त्या दिवशीच्या पेपरातील त्याचे चित्त गेलेच. म्हणून परीक्षार्थीला पुडी देऊ नये. वटी द्यावी, तीही मूळ छापील वेष्टनात. त्याहून उत्तम म्हणजे औषधाच्या वेळा परीक्षेच्या आधी व नंतर अशा बसवाव्यात. तीन तासांत घेतलेच पाहिजे असे आपले औषध क्वचितच असते. काढा बाटलीत भरून नेण्यास सांगू नये, कारण पाण्याची बाटली पारदर्शक असावी असा नियम असतो आणि तपकिरी द्रव पाहून प्रश्न निघतात. आसव-अरिष्टांत स्वयंजात मद्यार्क असतो. पेपरापूर्वी अर्धा तास घेतलेल्या मात्रेचा वास पर्यवेक्षकापर्यंत पोहोचला तर गैरसमजाला जागा आहे, तेव्हा ती मात्रा रात्री द्यावी. बहुतेक ठिकाणी पहिला अर्धा तास कोणालाही बाहेर सोडत नाहीत. परीक्षेच्या काळात विरेचन किंवा तीव्र सारक का देऊ नये, हे यावरून उघड आहे.

मधुमेही मुलांची गोष्ट वेगळी. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात साखर एकाएकी उतरते आणि तेथे तीन तास थांबता येत नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये अशा विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या, फळे व पाणी जवळ ठेवण्याची मुभा दिली. राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या माहितीपुस्तिकांतही साखरेच्या गोळ्या, केळे-सफरचंदासारखी फळे आणि पारदर्शक बाटली यांना परवानगी, आणि चॉकलेटसारख्या वेष्टनबंद पदार्थांना मनाई, असा भेद केलेला आढळतो. मात्र केंद्राला आधी कळवणे श्रेयस्कर. 'नीट'ला जाणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे व बूट टाळावेत. २०२५ मध्ये पेपर दुपारी २ वाजता होता आणि १.३० नंतर प्रवेश नव्हता. जखमेवर लेप लावून जाड पट्टी बांधलेली असेल तर ती तपासणीत सोडायला लावतील. त्या दिवशी पातळ पट्टी बांधून सोबत चिठ्ठी द्यावी.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी एक मुद्दा उरतो. गावच्या बाजारात औषधाच्या दुकानातच झेरॉक्सचे यंत्र असते. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी नोट्स लहान करून, 'मायक्रो झेरॉक्स' काढून मागणारी मुले येतात. विद्यापीठ, मंडळ व इतर विनिर्दिष्ट परीक्षांतील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा अधिनियम १९८२ पासून अस्तित्वात आहे आणि त्याचा रोख केवळ परीक्षार्थीवर नाही, त्याला साहाय्य करणाऱ्यावरही आहे. शिवाय मंडळाच्या परीक्षांच्या काळात केंद्राच्या परिसरातील झेरॉक्स यंत्रे बंद ठेवण्याचे जिल्हा प्रशासनाचे आदेश निघतात. दुकान औषधाचे आहे म्हणून त्यातील यंत्राला सूट मिळत नाही. पेपराच्या वेळात शटर अर्धे ओढून यंत्र चालवणाऱ्याने, कारवाई झाल्यास चर्चा यंत्राची न होता औषधाच्या दुकानाची होईल, हे ध्यानात घ्यावे. हा आदेश दरवर्षी स्वतंत्रपणे निघतो. त्याची प्रत तहसील कार्यालयातून किंवा जवळच्या केंद्रावरून मिळवून यंत्राशेजारी लावून ठेवावी, म्हणजे मुलांना नकार देताना वादही होत नाही.