कमरेचे नृत्य आणि देवळाची पायरी

गेल्या पावसाळ्यात एक बाई गुडघा दाखवायला माझ्या दवाखान्यात आल्या. वय ५२, अंगावर साधी सुती साडी, गळ्यात तुळशीची माळ. केसपेपरवर लिहिण्यासाठी मी व्यवसाय विचारला, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "नृत्य शिकवते. बेली डान्स." माझे पेन क्षणभर थबकले आणि ते त्यांच्या नजरेतून सुटले नाही. "माळेकडे पाहताय ना? सगळेच पाहतात," त्या हसून म्हणाल्या.

गुडघ्याच्या निमित्ताने पुढे पाच-सहा वेळा भेटी झाल्या. त्या बोलण्यातून मला नृत्याविषयी बरेच कळले; पण त्याहून अधिक कळले ते माझ्या व्यवसायाविषयी आणि माझ्या घराविषयी. त्यांच्या व माझ्या आईच्या संमतीने ते आपल्यापुढे ठेवत आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या वाचकांनी 'हे आमच्यासाठी नव्हे' म्हणून पान उलटू नये, ही विनंती. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांसाठीच आहे.

घरातले नृत्य

बेली डान्स म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिंदी चित्रपटांतील क्लबमधली गाणी उभी राहतात. मुळात 'पोटाचे नृत्य' हे नाव बाहेरच्यांनी दिलेले. फ्रेंचांनी ते रूढ केले आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानंतर ते अमेरिकेत सर्वतोमुखी झाले. इजिप्तमध्ये या नृत्याला 'रक्स शर्की' म्हणजे पूर्वेचे नृत्य म्हणतात. त्याचे घरगुती रूप म्हणजे 'रक्स बलदी', आपल्या मातीतले नृत्य. तेथे लग्नघरात आत्या, मावश्या, आज्या एकमेकींसमोर उभ्या राहून नाचतात, जिभेने दीर्घ, थरथरता मंगलनाद काढतात आणि पुन्हा आपापल्या कामाला लागतात. त्यात प्रेक्षक असा वेगळा कोणी नसतो. आपली मंगळागौर आठवावी. झिम्मा, फुगडी, पिंगा, सूपनाच खेळताना बघणारी कोण आणि खेळणारी कोण, याचा हिशेब तरी कोण ठेवते?

या नृत्यात उड्या नाहीत, पाय उंच फेकणे नाही. तळवे जमिनीला चिकटलेले, गुडघे किंचित सैल, खांदे स्थिर आणि कंबर मात्र ढोलाच्या ठेक्यावर स्वतंत्रपणे फिरणारी. एक अवयव हलत असताना दुसरा शांत ठेवणे, हेच त्यातले कसब.

टाळ्या आणि तिरस्कार

जो समाज या नृत्याला टाळ्या देतो, तोच नाचणारीला उंबऱ्याबाहेर ठेवतो. १८३४ मध्ये मुहम्मद अली पाशाच्या राजवटीने कैरोतील नर्तकींना शहरात नाचण्याची बंदी केली. अनेकींना दक्षिणेकडे एस्ना, केना, अस्वान अशा गावी जावे लागले. पुढे १९२६ च्या सुमारास बदिया मसाबनी या कलावतीने कैरोत स्वतःचे नृत्यगृह काढले आणि या नृत्याला आधुनिक रंगमंच मिळाला. त्याच नृत्यगृहातून तहिया कारियोका पुढे आली. ती नाचली, शंभराहून अधिक चित्रपटांत झळकली, राजकीय मतांसाठी तुरुंगातही गेली. १९९० मध्ये एडवर्ड सैद यांच्यासारख्या विचारवंताने तिच्यावर गौरवलेख लिहिला. उत्तरायुष्यात तिने हजयात्रा केली आणि डोक्यावर वस्त्र घेतले. १९८० नंतरच्या काळात इजिप्तमधील अनेक कलावतींनी रंगमंच सोडून धर्माचरणाची वाट धरली. श्रद्धा आणि नृत्य यांतील ताण तेथे आजही मिटलेला नाही. लावणीवर जीव टाकणाऱ्या आणि लावणी करणारीला सून करून न घेणाऱ्या आपल्या समाजाला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

"तुम्हाला हा ताण जाणवला का?" मी बाईंना विचारले.

"माझे वडील माळकरी होते. त्यांनी माझा एकही कार्यक्रम पाहिला नाही," त्या म्हणाल्या. "पण दिंडीत माझी आजी डोक्यावर तुळस घेऊन फुगडी घालायची, तेव्हा हेच वडील टाळ वाजवत असायचे. मी एकदा त्यांना म्हटलं, आजीचीच कंबर माझ्याकडे आलीय. ते काही बोलले नाहीत. पण त्यानंतर वर्गाला निघताना दारापर्यंत सोडायला यायला लागले."

ओटी आणि ओटीपोट

त्यांच्या वर्गात वीस वर्षांच्या मुली असतात, तशा सत्तरीच्या बायकाही. पहिल्या दिवशी सगळ्यांचे एकसारखे असते, असे त्या सांगतात. "पोट आत ओढून, श्वास कोंडून उभ्या असतात. लहानपणापासून तेच शिकलोय आपण. मी पहिला महिनाभर फक्त उभं राहायला आणि श्वास सोडायला शिकवते."

एकदा त्या म्हणाल्या, "देवीची ओटी आपण भरतो. लेकीची भरतो, सुनेची भरतो. तांदूळ, नारळ, खण, सगळं या इथं, पोटाशी घेतो. आणि ज्या जागेशी हे सगळं घेतो, त्या जागेचं नाव घ्यायलाही लाजतो. गर्भाशय काढलेली बाई येते आणि सांगते, आता माझ्यात बाईपण उरलं नाही. मी तिला म्हणते, कमरेवर हात ठेव. हलतेय ना? मग कुठं गेलं?"

हे डॉक्टर म्हणून मला अधिक नेमके सांगता येईल. गर्भाशय काढल्याने पाळी आणि गर्भधारणेची शक्यता संपते. व्यक्तीचे स्त्रीत्व संपत नाही. ते अवयवावर बेतलेले असते, तर पाळी गेलेली प्रत्येक आजी घरातली केवळ एक वस्तू ठरली असती. आपण तिला तसे वागवतो का, हा प्रश्न मात्र प्रत्येक घराने स्वतःला विचारावा.

न विचारलेला प्रश्न

चौथ्या की पाचव्या भेटीत बाईंनी सहज विचारले, "डॉक्टर, शिंकताना, खोकताना लघवी निसटते, हे बायका तुम्हाला सांगतात का?"

"क्वचित," मी म्हणाले.

"तुम्ही विचारता का?"

मी निरुत्तर झाले. मी स्वतः स्त्री आहे, जवळजवळ तीस वर्षे दवाखाना चालवते आहे. रक्तदाब विचारते, साखर विचारते, झोप विचारते. हे विचारत नाही. बाई पुढे म्हणाल्या, "माझ्या वर्गातल्या एका ७१ वर्षांच्या बाईंनी देवळात जाणं सोडलं होतं, फक्त यासाठी. घरच्यांना वाटायचं, गुडघे दुखतात."

त्या संध्याकाळी मी घरी गेले, तेव्हा आई गॅलरीत बसली होती. वय ७८. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती रोज सायंकाळी कीर्तनाला जात असे. मग तिने ते बंद केले. गुडघे दुखतात, असे ती सांगे आणि मी तिला गुडघ्याचे व्यायाम लिहून दिले होते. ती ते करत नाही म्हणून रागावलेही होते. आज मी तिच्याजवळ बसले आणि विचारले. ती बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "देवासमोर बसायचं आणि खाली ओलं व्हायचं. त्याला कशाला विटाळ? शेजारच्या बायकांना वास आला तर?"

दोन वर्षे ती पाणीही कमी पीत होती. मला ते ठाऊक नव्हते.

उपाय आहे, म्हणून लिहिते

वाचकहो, लघवीवरचा ताबा सुटणे हा म्हातारपणाचा अटळ भोग नव्हे. खोकताना, हसताना, ओझे उचलताना थेंब निसटणे हा एक प्रकार. एकाएकी घाईची संवेदना होऊन स्वच्छतागृहापर्यंत पोहोचता न येणे हा दुसरा. अनेकांत दोन्ही असतात. या घाईत रात्री अंधारात उठून पडणाऱ्या आणि खुब्याचे हाड मोडून घेणाऱ्या वृद्धांची संख्या लहान नाही. म्हणून हा प्रश्न केवळ कपड्यांचा नाही.

प्रथम डॉक्टरांकडे जावे. लघवीतील जंतुसंसर्ग, अनियंत्रित मधुमेह, बद्धकोष्ठता, जुनाट खोकला आणि रक्तदाबासाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या ही कारणे शोधता येतात आणि त्यांवर उपाय करता येतो. लघवीतून रक्त जाणे, जळजळ, ताप, लघवी तुंबणे किंवा अंग बाहेर आल्यासारखे वाटणे, यांपैकी काही असल्यास विलंब करू नये. मनाने पाणी कमी करू नये. लघवी तीव्र होते, बद्धकोष्ठता वाढते आणि त्रास उलट बळावतो. चहा-कॉफी मात्र कमी करून पाहावी.

दुसरा उपाय ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा. झोळीसारखे पसरलेले हे स्नायू मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून आधार देतात. त्यांच्या व्यायामाची पद्धत अमेरिकी डॉक्टर आर्नल्ड केगल यांनी १९४८ मध्ये मांडली. कृती सोपी आहे. चारचौघांत बसले असता वायू रोखून धरावा, तसे आतले स्नायू आवळून वर ओढावेत. पाच अंक मोजावेत, सोडावेत, तितकाच वेळ थांबावे. असे आठ वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडू नये. पोट, मांड्या, नितंब घट्ट करू नयेत. लघवी करताना ती मध्येच अडवण्याचा सराव करू नये. शिंक किंवा खोकला येतोय असे वाटताच आधी हे स्नायू आवळावेत. किमान तीन महिने नेटाने करावे. शक्य असल्यास एकदा फिजिओथेरपिस्टकडून पद्धत तपासून घ्यावी. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषांनाही याचा उपयोग होतो.

मग नृत्याचे काम काय? हे स्पष्ट करते की नृत्य म्हणजे वरील व्यायाम नव्हे आणि त्याने लघवीचा विकार बरा होतो असे मी म्हणत नाही. नृत्य तोल, कमरेची लवचीकता आणि पायांची शक्ती सांभाळते. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि शक्ती यांवर भर देणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाईंनी माझ्या आईला शिकवलेला सराव असा: स्वयंपाकघराच्या ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभे राहावे, पावले खांद्यांइतकी दूर, गुडघे सैल. शरीराचा भार सावकाश उजवीकडे, मग डावीकडे न्यावा. मग कमरेने लहानसे वर्तुळ काढावे. उभे राहवत नसेल तर भक्कम खुर्चीत बसून कंबर पुढे-मागे कलती करावी. पाच मिनिटे पुरेत.

हाडे ठिसूळ असल्यास कमरेतून जोरात वळणे व पुढे वाकणे टाळावे. खुब्याचा सांधा बदलला असल्यास, चक्कर येत असल्यास किंवा नुकतीच डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. निसरडी फरशी, सैल सपाता आणि पायात अडकणारा साडीचा घोळ यांचे भान ठेवावे.

घरातील मुला-सुनांना एकच सांगणे. थेट 'लघवी होते का' असे विचारू नये. 'हल्ली कुठे जाणे सोडले आहेस का?' असे विचारावे. उत्तर बहुधा त्यातूनच येते. पॅड आणून दिले तर कपाटात मुकाट्याने ठेवावे. त्याची चर्चा जेवणाच्या ताटावर करू नये.

देवळाची पायरी

आईच्या लघवीच्या तपासणीत संसर्ग निघाला, त्यावर औषध झाले. व्यायाम तिने रोज केला, कारण या वेळी तो तिच्या खऱ्या दुखण्यावर होता. तीन महिन्यांत त्रास निम्म्याहून कमी झाला. पूर्ण गेला नाही. तरीही ती देवळात जायला तयार होईना. विटाळाचा काटा माझ्या औषधाने निघणारा नव्हता.

तो नृत्यशिक्षिकेने काढला. एका दुपारी त्या घरी आल्या होत्या. आईने त्यांनाही तेच सांगितले. त्या म्हणाल्या, "काकू, माझी आजी आळंदीहून पंढरपूरला चालत जायची. वाटेत पाऊस, चिखल, घाम, कुणाची पाळी, कुणाचं पोट बिघडलेलं. हजारो बायका तशाच चालतात. पांडुरंगानं कुणाला वेशीवरून परत पाठवलं, असं मी तरी ऐकलं नाही. मी कंबर हलवून पोट भरते आणि माळ घालते. त्यानं मलाही काही विचारलं नाही."

आई काही बोलली नाही. पुढच्या एकादशीला तिने पॅड घातले, पिशवीत एक पातळ जास्तीचे घेतले आणि मला म्हणाली, "दाराजवळची खुर्ची मिळेल ना? उठावं लागलं तर बरं."

मी तिला पायरीपर्यंत सोडले आणि मागे उभी राहिले. गजर सुरू झाला तेव्हा आजूबाजूच्या बायका उभ्या राहिल्या. आईही खुर्चीची पाठ धरून उभी राहिली आणि अगदी सावकाश तिने शरीराचा भार उजवीकडे नेला, मग डावीकडे.